त्रेपन्नमधलं एक मत

"मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही," आर्विड लुंडे म्हणाला, "आणि बसू नये असंच मला वाटतं. विश्वास बसला की माणसं उठून घरी जातात."

ब्रेना शाट्स तशीही जायच्याच बेतात होती. कोल्स्टाडच्या काउंटी कचेरीतून बासष्ट मैल गाडी हाकत ती त्वेरडालच्या हॉलमध्ये आली होती. येताना बरोबर एक फॉर्म आणला होता आणि चार रिकामी खोकी. फॉर्मवर दोन ओळी होत्या, दोन पंचांच्या सह्यांसाठी. मतदानाच्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला रिपब्लिकन पंच बसला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅट, असा डाकोटाचा कायदा. पहिल्या ओळीवर आर्विडने सही करून टाकली होती, गेली साठ वर्षं करत होता तशी, लांब शेपटीची. दुसरी ओळ कोरी होती. ती कोरी राहिली तर खोकी भरायची. हॉलच्या कपाटात एकोणीसशे चारपासूनच्या मतदारवह्या होत्या, त्या खोक्यांत घालून न्यायच्या, मतपेटी न्यायची, दाराला कुलूप लावायचं, आणि नोव्हेंबरपासून त्वेरडालच्या अकरा मतदारांनी मत द्यायला कोल्स्टाडला यायचं.

"मला तीनला निघायचंय, आर्विड," ब्रेना म्हणाली. "पाचला काउंटीची बैठक आहे. केंद्रांची यादी आज मंजूर होणार. तुमच्याकडे डेमोक्रॅट असेल तर तीनच्या आत आणा."

"आता किती वाजलेत?"

"सव्वाएक."

"मग भरपूर वेळ आहे. बस. अगं, त्या खुर्चीत नको, तिचा पाय डुगडुगतो."

टेबलाला समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. आर्विड खिडकीकडच्या खुर्चीत बसला होता. समोरच्या खुर्चीवर निळ्या लोकरीची विणलेली गादी होती, आणि तिचा एकही पाय डुगडुगत नव्हता. शेगडीजवळच्या बाकावर बसलेल्या ऑर्लिन ओप्सालला हे ठाऊक होतं, पण त्याने नुसते पाय शेगडीकडे पसरले. ऑर्लिन हा आर्विडचा सर्वांत जवळचा शेजारी, म्हणजे अडीच मैलांवरचा. रस्त्यावर अनोळखी गाडीची धूळ पाहिली आणि मागोमाग आला. त्वेरडालमध्ये धूळ उडाली की कोण आलं ते पाहायला जावं लागतं, नाहीतर पुढची धूळ कधी उडेल ते सांगता येत नाही.

ब्रेना उभीच राहिली. तिने कपाट उघडलं आणि पहिल्या चार वह्या काढून खोक्यात ठेवल्या.

ते आर्विडने पाहिलं. पण शहाऐंशी वर्षांच्या माणसाने पोटातलं तोंडावर आणायचं नसतं, म्हणून त्याने कॉफी ओतली.

गावात आता हॉल तेवढाच उरला होता. शाळा बंद पडली, मग दुकान. चर्चच्या खिडक्या काढून कोल्स्टाडच्या चर्चने नेल्या आणि बदल्यात एक आभाराचं पत्र पाठवलं. रेल्वेने रूळ उचलून नेले, तेव्हा पत्रसुद्धा आलं नाही. उरला हा हॉल, आणि वर्षाआड दोन दिवस, जूनमधला एक आणि नोव्हेंबरमधला एक, जेव्हा लोक कायद्याने इथे यायचे. आले की बसायचे, रुबार्बचा केक खायचे, कुणाचा गुडघा कसा आहे ते विचारायचे. मधल्या काळात आर्विड दर शनिवारी हॉल झाडायचा, दोन्ही खुर्च्या पुसायचा. घाण कुणी करत नव्हतं, तरी.

"ऑर्लिन," ब्रेना म्हणाली, "तुम्ही सही करता का?"

"डेमोक्रॅट म्हणून?" ऑर्लिन म्हणाला. "माझा बाप थडग्यातून उठून येईल, बाई. आणि त्याच्याशी बोलायला माझ्याकडे काही विषय नाही."

"खोटी सही मला चालणारही नाही. खाली छापलंय बघा. ज्याचं मत खरोखर त्या बाजूचं आहे त्यानेच सही करायची. नाहीतर गुन्हा."

"सेल्मर ब्रेक्के आहे की," आर्विड म्हणाला. "गेली सतरा वर्षं तोच बसतो त्या खुर्चीत."

"सेल्मर जुलैपासून वृद्धाश्रमात आहेत. येताना मी तिथे थांबले होते. त्यांना वाटतं हे एक्कावन्न साल चालू आहे."

"मग काय अडलं? एक्कावन्नमध्ये तो पक्का डेमोक्रॅट होता."

ब्रेनाच्या ओठाचा एक कोपरा हलला. आर्विडने तो बरोबर टिपला. हसणाऱ्या माणसाला थोपवून धरता येतं, हा त्याचा जन्माचा अनुभव.

"तुला हा मतदारसंघ बंद करायचाय," तो म्हणाला.

"मतदारसंघ नाही, मतदान केंद्र."

"तेच ते. त्रेपन्न नंबरचा मतदारसंघ कसा झाला ते तुला माहीत आहे का? नाही ना? मग ज्याला कुलूप लावतेस त्याचं नाव-गाव तरी विचारून घे. वह्या भरत राहा, मी अडवत नाही. कान तर मोकळे आहेत."

ब्रेनाने खांदे उडवले आणि पाचवी वही काढली. एवढी परवानगी आर्विडला पुष्कळ होती.

"अठराशे एकोणनव्वद साली राज्य झालं," त्याने सुरू केलं, "तेव्हा त्रेपन्न नंबर केवढा होता? एवढा. या टेबलाहून थोडा मोठा. माणसंच इतकी दाट होती. आमचा पहिला आमदार लोहार होता, हाल्वर नावाचा. प्रचाराला तो दुकान सोडून कुठे गेला नाही. छपरावर चढायचा आणि तिथून भाषण ठोकायचा. मतदारसंघाच्या शेवटच्या टोकाच्या बाईला ऐकू जायचं. इतकं स्वच्छ ऐकू जायचं की शेजारच्या बावन्न नंबरच्या लोकांनीही त्यालाच मतं दिली. जेवढी माणसं होती त्यापेक्षा दोनशे मतं जास्त पडली."

"छपराचं खरं आहे," ऑर्लिन म्हणाला. "माझ्या आजोबांनी शिडी धरली होती."

"मग माणसं निघून जायला लागली. कुणी सिअ‍ॅटलला, कुणी मिनिआपोलिसला. आणि दर दहा वर्षांनी जनगणना. राजधानीत माणसं बसतात, हातात पेन्सिल. त्यांना प्रत्येक मतदारसंघात सारखी डोकी लागतात. आमची डोकी कमी भरली की ते पेन्सिल थोडी पुढे सरकवायचे. माणसं गेली की जमीन वाढवायची, असला हिशेब. तीसच्या जनगणनेनंतर एकदम चाळीस मैल सरकवली. त्या वर्षी धुळीची वादळं अशी उठली की हद्दीचे खुंट उडाले. खुंट सोड, हद्दच उडाली. कॅनडात जाऊन पडली. तिकडच्या दोन घोडेस्वार पोलिसांनी ती गुंडाळून आणून दिली आणि पावतीवर सही मागितली."

"कुणाची सही?" ब्रेनाने विचारलं.

"माझ्या बापाची. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याला वाटलं गाईचं लसीकरण आहे."

ब्रेना आता हसली. वही खोक्यात ठेवायच्या ऐवजी तिने उघडून चाळली. कागद पिवळा पडला होता आणि नावं उभ्या नॉर्वेजियन अक्षरांत होती. प्रत्येक निवडणुकीची एक वही, आलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, आला ती वेळ, आणि शेवटच्या पानावर कुणाला किती मतं. एक प्रत कचेरीत जायची, एक इथे राहायची.

"अडतीस सालची काढ," आर्विड म्हणाला. "तीच. शेवटचं पान बघ. सहाशे अकरा आणि सहाशे अकरा, अख्ख्या मतदारसंघाची बेरीज. बरोबरी. कायदा म्हणतो, चिठ्ठी काढा. पण टोपी कुणी देईना. ज्याच्या टोपीतून चिठ्ठी निघेल त्याच्याशी अर्धा मतदारसंघ जन्मभर बोलणार नाही. म्हणून कॉफीच्या किटलीतून काढायचं ठरलं. तळाशी कॉफी होती, ते कुणी पाहिलं नाही. दोन्ही चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली. मग दोघांनी समजुतीने वाटून घेतलं. एक वर्ष हा आमदार, एक वर्ष तो. राजधानीत कुणालाच कळलं नाही, कारण दोघांकडे मिळून कोट एकच होता."

"इथे लिहिलंय, पुन्हा मोजणी झाली आणि चार मतांनी निकाल लागला."

"लिहिणारा पंच होता. पंचाला घरसंसार असतो."

तिने घड्याळाकडे पाहिलं. दोनला दहा कमी होते. दोन खोकी भरली होती. आर्विडने तिच्यासमोर लेफ्सेची ताटली सरकवली. बटाट्याची मऊ पोळी, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेली, त्याने सकाळी स्वतः केलेली आणि म्हणून जरा जाड. तिने उभ्या उभ्याच एक उचलली.

"बहात्तरमध्ये तर रेषा आमच्या स्वयंपाकघरातून गेली," तो म्हणाला. "चूल त्रेपन्नमध्ये, टेबल बावन्नमध्ये. सिग्ने एका मतदारसंघात शिजवायची, मी दुसऱ्या मतदारसंघात जेवायचो. दोन्हीकडचे उमेदवार मत मागायला यायचे आणि दोघंही जेवून जायचे. शेवटी सिग्नेनेच टेबल चुलीजवळ ओढलं. म्हणाली, मला एवढ्या लांब वाढायला जमणार नाही."

"सिग्ने म्हणजे?"

"माझी बायको," आर्विड म्हणाला, आणि पुढचं वाक्य तयार नसल्यासारखा थांबला. त्याच्याबाबतीत असं सहसा होत नसे.

ऑर्लिनने शेगडीत लाकूड घातलं, गरज नसताना.

"ती तिची खुर्ची," आर्विड म्हणाला.

ब्रेनाने निळ्या गादीकडे पाहिलं. "डेमोक्रॅटची?"

"डेमोक्रॅटची. ऐक. हे मात्र खरं आहे, म्हणून जरा कंटाळवाणं लागेल. एकसष्टात आमचं लग्न झालं. बासष्टमध्ये रेल्वेचा मुकादम होता फ्लिन नावाचा, त्याची बदली झाली. अख्ख्या त्वेरडालमध्ये तो एकटा डेमोक्रॅट. तुझ्या कचेरीतला तेव्हाचा माणूस आला, तुझ्यासारखाच फॉर्म घेऊन, आणि म्हणाला, दुसऱ्या बाजूचा पंच द्या नाहीतर हॉल बंद. चौऱ्याऐंशी माणसं इथे उभी होती. सगळे बुटांकडे बघत होते. सिग्ने नवी नवरी, दुसऱ्या काउंटीतली. तिचं मत कुठल्या बाजूचं ते कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. ती कोपऱ्यात कॉफी ओतत होती. किटली खाली ठेवली, आली आणि सही केली."

"होती का ती डेमोक्रॅट?"

"तेच माझ्या बापाने विचारलं. ती म्हणाली, सकाळी नव्हते, पण सही केलीय तर आता खरी करायला हवी. माझा बाप नाताळपर्यंत तिच्याशी बोलला नाही. मीठ हवं असलं तर मला सांगायचा, तिला म्हणावं मीठ दे. ती त्याच्या शेजारीच बसलेली असायची."

"माझा बाप तर ईस्टरपर्यंत बोलला नाही," ऑर्लिन म्हणाला, "आणि त्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता."

"त्या नोव्हेंबरात निकाल लागला त्र्याऐंशी विरुद्ध एक," आर्विड म्हणाला. "चौसष्टमध्ये ऐंशी विरुद्ध एक. पुढे माणसं कमी होत गेली, पहिला आकडा उतरत गेला, दुसरा आकडा तोच. मतं मोजताना मी चिठ्ठी उघडून वाचायचो, ती समोर बसून रेघा मारायची. ती एक चिठ्ठी आली की मी खोकायचो. ती वर न बघता एक रेघ मारायची, तिच्या बाजूला. घरी जाताना गाडीत मी म्हणायचो, यंदाही कुणीतरी चूक केली बघ. ती म्हणायची, हो ना, दर वेळी तोच माणूस चुकतो. बेचाळीस वर्षं. दुसरं काही ती त्यावर बोलली नाही आणि मी विचारलं नाही."

तो ताटलीच्या कडेवरची साखर बोटाने गोळा करत राहिला. बोलायला त्याला कधी त्रास पडला नव्हता, पण सिग्नेबद्दल बोलायचं म्हणजे खोटं बोलता येत नसे, आणि खोटं नसेल तर त्याची जीभ जड व्हायची. घरी तो रेडिओशी बोलायचा. हवामान सांगणाऱ्या माणसाला उत्तरं द्यायचा, त्याच्याशी वाद घालायचा, आणि तो माणूस त्याचं काहीही मनावर न घेता पुढे उद्याचं तापमान सांगायचा. संध्याकाळी टेबलाशी बसला की त्याला सवयीने समोर पाहावंसं वाटायचं. म्हणून तो खिडकीकडे तोंड करून जेवायचा. खिडकीतून त्रेपन्न नंबरचा मतदारसंघ दिसायचा, क्षितिजापर्यंत कापलेला गहू आणि वाळलेली सूर्यफुलं, दर दहा वर्षांनी आणखी मोठा झालेला. आताची आमदारबाई एकशेचाळीस मैलांवर राहते. तिकडचं घड्याळ इकडच्याहून एक तास मागे. एका टोकाला नाश्ता चालू असतो तेव्हा दुसऱ्या टोकाला ताटं धुऊन झालेली असतात. एवढा पसारा, आणि दार वाजवणारं कुणी नाही.

"त्या कधी गेल्या?" ब्रेनाने विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत."

"आणि मग सेल्मर बसायला लागले."

"सेल्मर म्हणाला, मी बायको केली नाही, पण तुझ्या बायकोची खुर्ची सांभाळतो. चांगला माणूस. गादीवर नाही बसायचा, गादी उचलून बाजूला ठेवायचा."

"आणि ते एक मत?"

आर्विडला हाच प्रश्न हवा होता. तो ताठ झाला, दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि त्याचा आवाज परत आला.

"तेच तर सांगतोय. सिग्ने गेल्यावर सहा साली निवडणूक झाली. मला वाटलं, यंदा शून्य. मी चिठ्ठ्या उघडत गेलो, सेल्मर रेघा मारत गेला. अठरा विरुद्ध एक."

"सेल्मरचं असेल."

"सगळं गाव तेच म्हणालं. सेल्मर म्हणाला, माझं नाही. सही खोटी आहे माझी, तो म्हणाला, आयझेनहॉवर आल्यापासून मी कुणा डेमोक्रॅटला मत दिलं नाही. पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? आठ साली तेच. दहा, बारा. दर वेळी एक. मग आलं चौदा साल." त्याने ऑर्लिनकडे पाहिलं. "सांग हिला चौदा साल."

"बर्फ," ऑर्लिन म्हणाला. "माझा ट्रॅक्टर दारातच गाडला गेला. तीन दिवस म्हशीसारखा बसून होता. कुणी घराबाहेर पडलं नाही."

"कुणीही नाही," आर्विड म्हणाला. "मी पडलो. हॉलची किल्ली माझ्याकडे, आणि कायदा म्हणतो नऊला दार उघडा. घरापासून इथवर अर्धा मैल, मी स्कीवर आलो. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष. वाटेत वारा इतका होता की एकदा मी हॉलच्या पुढे निघून गेलो आणि मला तीन काउंट्या ओलांडून परत यावं लागलं. नऊच्या ठोक्याला दार उघडलं. शेगडी पेटवली. मतपेटी उघडून दाखवायची असते, रिकामी आहे म्हणून. दाखवायला कुणी नव्हतं, मी खुर्चीला दाखवली. कुलूप लावलं आणि बसलो. दहा वाजले. बारा वाजले. कॉफी करून मीच प्यायलो. सेल्मर सात मैलांवर अडकलेला, टेलिफोन मेलेला. अख्खा दिवस एकही माणूस आला नाही. मी स्वतःही मत टाकलं नाही. दाराकडे बघण्यात विसरूनच गेलो. सातला दार लावलं, पेटी उघडली." तो थांबला. "आत एक चिठ्ठी."

ब्रेनाचा हात कपाटातच होता.

"डेमोक्रॅटची," आर्विड म्हणाला. "एक विरुद्ध शून्य. अठराशे एकोणनव्वदपासून पहिल्यांदा त्वेरडालमध्ये डेमोक्रॅट जिंकले. कोल्स्टाडच्या पेपरात छापून आलं."

"मी तो पेपर जाळला," ऑर्लिन म्हणाला. "बापाच्या हाती लागू नये म्हणून."

"बाप गेला होता ना तुझा?"

"तरीपण."

"आता तू मला सांग, पोरी," आर्विड पुढे वाकला, "ती चिठ्ठी कुणाची? दुपारी दोनच्या सुमारास वाऱ्याने दार एकदा उघडलं होतं. बर्फाचा एक लोट आत आला, आणि ती खुर्ची थोडी मागे सरकली. बसायच्या आधी माणूस ओढतो तेवढीच. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुझा कायदा म्हणतो, या गावात डेमोक्रॅट नाही. मी म्हणतो, आहे. सही केली होती तिने, आणि खोटी सही तिला चालत नव्हती. सतरा वर्षं जमिनीखाली आहे आणि एकही निवडणूक चुकवलेली नाही. असा मतदार तुझ्या कोल्स्टाडमध्ये एक तरी दाखव. तिचं केंद्र तू बंद करणार? लिही तिथे, सिग्ने लुंडे. सही मी तिच्या वतीने आणून देतो."

शेगडीतलं लाकूड फुटलं. बाहेर दूरवर एक ट्रक गेला, मोठ्या रस्त्यावरून, इकडे वळला नाही.

आर्विडला वाटलं, जमलं. पोरीचे डोळे ओले दिसत होते. ओल्या डोळ्यांचा माणूस कुलूप लावत नाही, निदान आज लावत नाही, आणि आज गेला की उद्याचं उद्या. अडीच वाजले होते. त्याने कॉफीची किटली उचलली.

ब्रेनाने मात्र कपाटातून हात काढला तो रिकामा नव्हता. पातळ, नवी वही होती, पुठ्ठ्यावर चौदा साल. तिने ती उघडली. पान उलटायची गरज पडली नाही, पहिलंच पान होतं. बराच वेळ ती त्या पानाकडे बघत उभी राहिली, एका ओळीच्या पानाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. मग तिने सहा सालची वही काढली, ती पाहिली. आठ. दहा. बारा. प्रत्येकीचं पहिलं पान आणि शेवटचं पान. ऑर्लिनने टोपी डोळ्यांवर ओढली आणि बाकाच्या पाठीला टेकला, झोप लागल्यासारखा. त्याला झोप लागली नव्हती. ट्रॅक्टर गाडला गेला होता त्या वर्षापासून तो हे ओझं एकटा वाहत होता, आणि आर्विडला कधी विचारलं नव्हतं.

आर्विडने किटली खाली ठेवली. त्याच्या लक्षात आलं की आपण तिच्या कपात ओतायचं विसरलो.

ब्रेना टेबलाशी आली. चौदा सालची वही तिने त्याच्यासमोर उघडी ठेवली, मग फॉर्म घेतला, कोरी ओळ वर येईल असा फिरवला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, निळ्या गादीच्या खुर्चीसमोर ठेवला. त्यावर पेन ठेवलं.

"कायद्याने मी हे बोलायला नको," ती म्हणाली. "कुणी कुणाला मत दिलं ते कळलं तरी तोंड बंद ठेवायचं, अशी शपथ घेतलीय मी."

"मग बंद ठेव," आर्विड म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"मतदार नंबर एक, आर्विड लुंडे, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. तुमचंच अक्षर आहे, शेपटीसकट. नंबर दोनची ओळ कोरी आहे. त्या दिवशी पेटीत एकच माणूस मत टाकून गेला, आणि खुर्ची-बिर्ची काही सरकली नाही. हे खोटं आहे, आर्विड, तुम्हीच टाकता ते मत, सहा सालापासून. उठा, आणि पलीकडे तिच्या खुर्चीत जाऊन बसा. वरची तुमची सही मी खोडते, या बाजूला ऑर्लिन सही करतील."